अडचणीचा रकाना

आर्डिस स्कोग्मो नवऱ्यावर चिडली होती, आणि गेल्या ऑक्टोबरपासून चिडलेलीच होती. पण ती भांडली नाही. उत्तर मिनेसोटात, त्यातून नॉर्वेजियन घरात, भांडायची पद्धत नाही. ती कपाटं आवरायला काढायची. ऑक्टोबर ते जून एवढ्या काळात तिने घरातली सगळी कपाटं दोन-दोनदा आवरली, मग गॅरेज आवरलं, आणि शेवटी चर्चच्या स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा घासून मांडून ठेवली. चर्चमधल्या बायका म्हणाल्या, "आर्डिसला हौस किती बाई!" हौस कसली डोंबलाची.

भानगड होती पायऱ्यांची. स्कोग्मोंचं घर लाँग टिंबर तळ्याच्या काठावर, म्हणजे खरं तर काठावरच्या कड्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसायचं ते थेट पायाखाली. तिथून पाण्यापर्यंत त्र्याऐंशी लाकडी पायऱ्या. हा किनारा पश्चिमेच्या वाऱ्याच्या तोंडावर असल्यामुळे बोट पाण्यात बांधून ठेवायची सोय नाही. रोज ती ओढून काठावर घ्यायची आणि पालथी घालायची. पालथी घालायची म्हणजे आधी इंजिन काढायचं. मग ते इंजिन, पेट्रोलचा डबा, वल्ही, गळ, लाइफ जॅकेट असा सगळा संसार पाठीवर घेऊन हाल्वर स्कोग्मो त्र्याऐंशी पायऱ्या चढायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच संसार घेऊन उतरायचा. इंजिन पन्नास पौंडांचं आणि हाल्वर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा.

गेल्या ऑक्टोबरात तो पडला. घरी आला तो सव्वा तास उशिरा. पँटला चिखल, केसांत पानं, आणि चालताना एक पाय दुसऱ्याला विचारून टाकतोय. वर म्हणे, "लून पक्षी बघत बसलो होतो." ऑक्टोबरच्या अखेरीला लून! ते सगळे केव्हाच दक्षिणेला निघून गेलेले. बावन्न वर्षांच्या संसारात हाल्वरने मारलेली ही पहिलीच थाप, म्हणून ती इतकी वाईट मारली होती. आर्डिस काही बोलली नाही. पण त्या दिवसापासून तिच्या मनात एकच भीती घर करून बसली. हा माणूस एक दिवस या पायऱ्यांवर मरणार, आणि मरताना सुद्धा कुणाला हाक मारणार नाही.

मासेमारी सोड म्हणावं, तर तेही परवडणारं नव्हतं. मागे एकदा ऐन मे महिन्यात फ्लूने तो तीन आठवडे घरात अडकला होता. पहिल्या आठवड्यात तो खिडकीत बसला. दुसऱ्या आठवड्यात त्याने घरातल्या सगळ्या दारांना तेल घातलं. तिसऱ्या आठवड्यात तो आर्डिसला बटाटे कसे सोलावेत हे शिकवायला लागला. चौथा आठवडा आला असता तर दोघांपैकी एक जण जिवंत राहिला नसता.

उपाय तसा डोळ्यांसमोर होता. पायऱ्या जिथे संपतात तिथे, पाण्यापासून पाच-सहा पावलांवर, जरा सपाट जागा आहे. तिथे दहा फूट बाय आठ फुटांची लाकडी शेड बांधायची, इंजिन तिथे ठेवायचं, आणि हात हलवत वर यायचं. पण काउंटीचा नियम असा की पाण्यापासून पंच्याहत्तर फुटांच्या आत काहीही बांधायचं नाही. पंच्याहत्तर फूट मागे मोजलं तर टेप जाते ती कड्याच्या ऐन पोटावर. तिथे शेड बांधायला सुतार नाही, बकरी लागली असती. आणि कड्याच्या उतारावर बांधायलाही बंदी होतीच. तेव्हा नियमातून सूट मागायची, आणि ती द्यायला काउंटीची तीन माणसांची समिती.

"लोकांना कशाला उगाच त्रास द्यायचा?" हाल्वर म्हणाला.

"त्यांना त्याच कामाला नेमलंय," आर्डिस म्हणाली. "अर्ज भर."

हाल्वरने अर्ज भरला. चार दिवसांनी काउंटीच्या कचेरीतून केंड्रा नावाच्या मुलीचा फोन आला. ती तिथली जमीन-नियमांची अधिकारी, वयाने असेल तिशीची, आवाज गोड.

"मिसेस स्कोग्मो, अर्ज मिळाला हं. नकाशा छान काढलाय तुमच्या मिस्टरांनी, झाडंसुद्धा दाखवलीत. फक्त तो पाचवा रकाना आहे ना, 'अडचण काय ते लिहा', तिथे त्यांनी लिहिलंय, 'विशेष काही नाही.'"

"काय लिहिलंय?"

"'विशेष काही नाही.' पेन्सिलीने." केंड्राने आवाज आणखी गोड केला. "अहो, अडचणच नसेल तर समिती सूट देणार कशाबद्दल? सगळा अर्ज त्या रकान्यावर उभा असतो. जरा नीट लिहून पाठवाल का?"

आर्डिसने नवऱ्याला टेबलाशी बसवलं, पुढ्यात कागद ठेवला आणि ती बागेत गेली. तासाभराने येऊन बघते तर हाल्वरने 'विशेष काही नाही' खोडून तिथे लिहिलं होतं, 'थोडीफार.' एवढ्यावर त्याला घाम फुटला होता.

आता यात एकट्या हाल्वरला बोल लावण्यात अर्थ नाही. या भागातली माणसंच तशी. नाही म्हणायचं नाही, मागायचं नाही, आणि दुखतं म्हणायचं तर मुळीच नाही. एका वर्षी वादळाने रोआल्ड इप्सेनच्या गोठ्याचं अख्खं छप्पर उडवून नेलं, तर शेजारीपाजारी धावत आल्यावर हा म्हणतो, "जरा हवेशीर झालं." हा रोआल्ड म्हणजे स्कोग्मोंचा शेजारी. अशा माणसांसाठी हा असला रकाना छापणारा कुणीतरी बाहेरगावचा असणार.

गुरुवारी सकाळी समिती जागा बघायला आली. अध्यक्ष डेल्मर ग्रुनवाल्ड, आयुष्यभर दुधाची गाडी चालवलेला, देहाने भरभक्कम, हाल्वरच्या शाळेतला. दुसऱ्या वर्ना पेल्टो, निवृत्त शिक्षिका, निम्म्या गावाला पाढे त्यांनी शिकवलेले, त्यामुळे उरलेलं निम्मं गावही त्यांना बिचकून असायचं. तिसरा एमिल क्राउस. तो काय करायचा हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, पण तो एकोणीस वर्षं समितीवर होता. केंड्रा टेप घेऊन मागे.

आर्डिसने लिंबाच्या वड्या केल्या होत्या. ताट घेऊन ती अंगणात आली.

"नको नको, आत्ताच नाश्ता झाला," डेल्मर म्हणाला.

"एखादी तरी."

"नको गं, कशाला त्रास."

आता इथे दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, ही जन्मजात रीत. डेल्मरचा हात तिसऱ्या आग्रहासाठी अर्धा पुढे आलाच होता, तेवढ्यात केंड्रा हळूच म्हणाली, "सर, अर्जदाराकडचं काही खायचं नाही. नियमात आहे."

डेल्मरने एकदा केंड्राकडे पाहिलं, एकदा ताटाकडे पाहिलं. "पोरी," तो म्हणाला, "नियमातून सूट देणं हाच तर आपला धंदा आहे." आणि त्याने दोन वड्या उचलल्या. वर्नाबाईंनी एक घेतली, ती मात्र रुमालात बांधून ठेवली, निकालानंतर खायची म्हणून.

मग सगळे पायऱ्यांकडे निघाले. एमिल क्राउसने कड्याच्या टोकाशी जाऊन खाली डोकावलं, कठडा घट्ट धरला आणि म्हणाला, "दिसतंय इथून." तो तिथेच थांबला. बाकीचे हाल्वरच्या मागून उतरले. आर्डिस वरच्या ओट्यावरून बघत होती. खुब्याचा सांधा गेल्यापासून तिने दोन वर्षांत एकही पायरी उतरली नव्हती. तिचं तळं आता खिडकीपुरतंच उरलं होतं.

उतरणं झालं झोकात. खाली मोजमाप झालं, केंड्राने खुंट्या ठोकल्या, फोटो काढले. मग चढ सुरू झाला. आर्डिसने हात जोडले. देवा रे, तिच्या मनात आलं, दमव यांना. चांगलं दमव.

देवाने ऐकलं. तिसाव्या पायरीवर डेल्मर थांबला आणि झाडीकडे बोट करून म्हणाला, "तो बघा, पक्षी!" सगळे थांबून बघायला लागले. पक्षी नव्हता. पण एकानेही तसं म्हटलं नाही. तीन-चार मिनिटं सगळे अगदी मन लावून रिकाम्या फांदीकडे बघत राहिले. पुढे अठ्ठेचाळिसाव्या पायरीवर आणखी एक पक्षी सापडला. वर्नाबाई दर पंधरा पायऱ्यांनी बुटाची नाडी बांधायला वाकत होत्या. त्यांच्या बुटांना नाडी नव्हती. सत्तराव्या पायरीच्या आसपास डेल्मर कठड्याला टेकला आणि केंड्राला या उतारावरच्या मातीबद्दल प्रश्न विचारू लागला. इतका सविस्तर रस मातीत त्याने आयुष्यात घेतला नसेल.

शेवटी मंडळी वर पोचली. डेल्मरचा चेहरा बीट उकडल्यासारखा झाला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. वर्नाबाई ओट्याचा खांब धरून उभ्या होत्या आणि डोळे मिटून काहीतरी मोजत होत्या.

"मग? कसं काय वाटलं?" हाल्वरने विचारलं.

डेल्मरने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. तिसऱ्या वेळी शब्द आला. "तसं... काही... वाईट नाही."

"व्यायाम होतो छान," वर्नाबाई म्हणाल्या.

"तेच तर मी म्हणतो!" हाल्वर खूश होऊन म्हणाला.

आर्डिसने कपाळावर हात मारला. ती आत गेली आणि तिने मसाल्यांचं कपाट रिकामं करायला घेतलं.

सुनावणी पुढल्या मंगळवारी, दुपारी तीन वाजता, काउंटीच्या इमारतीत. हाल्वरने रविवारचा कोट घातला. गाडीत आर्डिसने त्याला पढवलं. "हे बघ, ते विचारतील की अवघड जातं का. तू काय म्हणायचंस?"

"हो म्हणायचं."

"म्हण बघू."

"अगं, इथे कुणाला म्हणू?"

"मला म्हण. पायऱ्या अवघड जातात."

हाल्वरने तोंडातल्या तोंडात काहीतरी केलं. आर्डिसला फक्त 'पायऱ्या' ऐकू आलं.

खोलीत समिती टेबलामागे, केंड्रा टंकलेखनाला, आणि समोर सोळा खुर्च्यांपैकी दोनच भरलेल्या. डेल्मरने आधी शेजाऱ्याचं पत्र वाचलं. रोआल्ड इप्सेनने लिहिलं होतं की हाल्वर चांगला माणूस आहे, शेडचा नकाशा आपण पाहिला, शेड वेगळीच आहे, आणि आपली काही हरकत नाही, असायचं कारणही नाही, असली तरी आपण ती घेणार नाही. समितीने हे पत्र तीनदा वाचलं. 'वेगळीच' या शब्दावर वर्नाबाईंनी भुवई वर केली, कारण आमच्याकडे एखाद्या गोष्टीला 'वेगळीच' म्हणणं म्हणजे तिला शिवी घालण्याच्या जरा अलीकडे. शेवटी केंड्राने 'मत: अस्पष्ट' असं नोंदवलं.

"हं, हाल्वर," डेल्मर म्हणाला. तो मनाने हाल्वरच्या बाजूचा होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. "आपण सरळ मुद्द्यावर येऊ. तुला त्या पायऱ्या चढायला अवघड जातं का?"

आर्डिसने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"आता पायऱ्या म्हटल्या," हाल्वर म्हणाला, "की चढाव्या लागतातच."

"ते झालं रे. पण इंजिन घेऊन? जड असेल ना?"

"याहून जड असतात. तळ्यापलीकडच्या बर्निसच्या मुलाकडचं बघ, ते ऐंशी पौंडांचं आहे."

"आपण तुझ्या इंजिनाबद्दल बोलतोय, लेका." डेल्मरने टाय सैल केला. "बरं, कधी पडलाबिडलास?"

हाल्वरने छताकडे पाहिलं. छतावर एक पंखा होता, त्याने त्याची पाती मोजली असावीत. "पडलो असं नाही म्हणता येणार."

"मग काय म्हणता येईल?"

"बसलो. जरा पटकन."

वर्नाबाईंनी पेन खाली ठेवलं. "हाल्वर, तुम्ही शहाणे आहात, म्हणून स्पष्ट सांगते. कायदा म्हणतो, जागेमुळे खरी अडचण होत असेल तरच सूट द्यायची. इथे अर्जात लिहिलंय 'थोडीफार'. आणि तुम्ही तोंडाने सांगताय की तेवढीही नाही. मग मी हात वर करू तो कशाच्या आधारावर?"

"बरोबर आहे तुमचं," हाल्वर अगदी समजूतदारपणे म्हणाला. "तुमचा वेळ घेतला उगाच."

घ्या! नवऱ्याने स्वतःच्याच अर्जाची वाट लावली, आणि वर माफी मागून मोकळा झाला. डेल्मरने सुस्कारा सोडला. "मग नामंजूर करण्यावाचून इलाज दिसत नाही. रीत म्हणून विचारतो, आणखी कुणाला काही बोलायचंय का?"

हा प्रश्न त्या खोलीत एकोणीस वर्षं विचारला जात होता, आणि त्याला कधी कुणी उत्तर दिलं नव्हतं. डेल्मर पुढचा कागद उचलू लागला. आर्डिस उठली.

चार माणसांपुढे ती आयुष्यात एकदाच बोलली होती, लग्नात, आणि तेव्हाही फक्त 'हो' एवढंच. तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"माझा नवरा खोटं बोलतोय," ती म्हणाली.

केंड्राची बोटं थांबली. एमिल क्राउस जागा झाला. हाल्वर वळून बायकोकडे बघत राहिला, तिला आज पहिल्यांदाच बघत असल्यासारखा.

"तो बसला नाही. पडला. ऑक्टोबरच्या सव्वीस तारखेला, एक्केचाळिसाव्या पायरीवर. मी खिडकीतून पाहिलं. इंजिन त्याच्या पायावर होतं." ती थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा कधी सुरू झाली नसती. "मी बाहेर आले. वरच्या पायरीपर्यंत आले. पुढे माझा पाय पडेना, माझा खुबा गेलाय. मी वरून ओरडले, हाल्वर, ठीक आहेस ना? आणि हा खालून, पडल्या पडल्या, काय म्हणाला माहितीये? म्हणाला, 'मजेत! लून बघतोय.' आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, 'बरं मग.' मला दिसत होतं हो तो पडलेला. पण तो म्हणाला ना मजेत, मग त्याला खोटं कसं पाडायचं? मी घरात गेले आणि बटाटे उकडायला ठेवले. कुणाला फोन केला नाही. सव्वा तास. ते बटाटे शिजून त्यांचा लगदा झाला. मला त्याची लाज वाटते. रोज वाटते."

आमच्याकडे एवढं खरं एका दमात कुणी बोलतच नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही पुढे काय करायचं ते कळेना. डेल्मरने खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

"आर्डिस," तो हळू आवाजात म्हणाला, "मला फार वाईट वाटतं गं. पण कायद्यात एक गोची आहे. अडचण जमिनीत असावी लागते. नवऱ्यात असून चालत नाही."

"दोन्हीत आहे!" आर्डिस म्हणाली. "जमीन कडेलोट करायच्या लायकीची आहे आणि नवरा हा असा आहे. कायद्याला हवी ती निवडून घ्या."

तेवढ्यात हाल्वर उभा राहिला. त्याने हातातली टोपी एकदा उलटी केली, एकदा सुलटी केली. मानेपासून कानापर्यंत तो लाल झाला होता. आर्डिसला वाटलं, झालं, आता हा पुन्हा माफी मागणार आणि मी इथेच याचा गळा धरणार.

"ती म्हणते ते खरंय," हाल्वर म्हणाला. "चढ अवघड आहे." त्याने टोपी पुन्हा उलटी केली. "मला जमत नाही आता."

तो खाली बसला. सव्वा सहा फुटांचा माणूस, पण खुर्चीत एवढासा दिसायला लागला. आर्डिसला त्याचा हात धरावासा वाटला, पण चार लोकांत तो तिने कधी धरला नव्हता, आणि आज आधीच फार झालं होतं. ती नुसती त्याच्या शेजारी बसली.

वर्ना पेल्टोंनी घसा खाकरला. "नोंदीसाठी एक सांगायचंय. जागेच्या पाहणीच्या वेळी मी पाच वेळा थांबले. माझ्या बुटांना नाडी नाही." त्यांनी मान ताठ केली. "मला छातीत कळ आली होती. तो उतार माणसाने ओझं घेऊन चढायच्या लायकीचा नाही. हे मी जमिनीबद्दल बोलतेय."

"लिहू?" केंड्राने विचारलं.

"शब्द न् शब्द लिही."

डेल्मर टेबलाकडे बघत होता. "माझंही लिही," तो म्हणाला. "तिथे पक्षी नव्हता. एकही नव्हता. घरी गेल्यावर मी दुपारभर पडून होतो, आणि बायकोला सांगितलं, ऊन लागलं. त्या दिवशी ढग होते."

सगळ्यांनी एमिल क्राउसकडे पाहिलं. एकोणीस वर्षांत त्याने पहिल्यांदाच बोलायला म्हणून खुर्ची पुढे ओढली. "मी तर खाली गेलोच नाही," एमिल म्हणाला. "भीती वाटली."

एवढं झाल्यावर कुणाच्या चेहऱ्याकडे कुणी बघेना. मग वर्नाबाईंनी ठराव मांडला: जागेचा उतार अती तीव्र असून समितीच्या सदस्यांनी तो स्वतः अनुभवला आहे, सबब अडचण खरी आहे, सूट द्यावी. तीन हात वर गेले. अटी चार. शेडला झाडाच्या सालीसारखा तपकिरी रंग द्यायचा, म्हणजे तळ्यातून दिसणार नाही. पुढे तीन स्प्रूसची रोपं लावायची. आत नळ घ्यायचा नाही. आणि आत कुणी झोपायचं नाही. शेवटची अट वाचताना डेल्मरने हाल्वरकडे रोखून पाहिलं. निकाल लागल्याबरोबर वर्नाबाईंनी पर्समधून रुमाल काढला आणि पाच दिवसांची शिळी वडी तिथेच बसून खाल्ली.

बाहेर लख्ख ऊन होतं. शेड मिळाली होती, पण आर्डिस मनात वेगळाच हिशेब करत होती. बावन्न वर्षं ज्याने कुणापुढे मान खाली घातली नाही, त्याला तिने भर कचेरीत खोटारडा म्हटलं होतं. आता हा बोलायचा नाही. आठवडा बोलायचा नाही, कदाचित महिना. आणि घरात आवरायला एक कपाट शिल्लक नव्हतं.

गाडीशी आल्यावर हाल्वरने खिशातून किल्ली काढली आणि तिच्यापुढे धरली.

"तू चालव," तो म्हणाला. "माझा गुडघा दुखतोय."

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. "काय म्हणालास?"

"गुडघा. उजवा." तो दार उघडून कण्हत आत बसला. चक्क कण्हला. "ऑक्टोबरपासून दुखतोय. रात्री जास्त. डावा खांदाही दुखतो, पण तो आधीपासून."

आर्डिसने गाडी सुरू केली. गावाबाहेर पडेपर्यंत तो कमरेवर आला होता. पेट्रोलपंप मागे पडला तेव्हा त्याने सांगितलं की तिच्या बहिणीकडचं नाताळचं जेवण त्याला कधीच आवडलेलं नाही, त्यातला तो मासा तर घशाखाली उतरत नाही, आणि गेली तीस वर्षं तो दुसऱ्यांदा वाढून घेतो ते केवळ ती दुखावेल म्हणून. चर्चमधला बाक टोचतो. पाद्री लांबण लावतो. तिने विणलेला तो राखाडी स्वेटर काट्यासारखा लागतो, आणि तो तिने एवढ्या कौतुकाने दिला होता म्हणून अकरा हिवाळे घातला. आर्डिस ऐकत होती. दुसरा कुणी असता तर तिने गाडी थांबवून त्याला उतरवलं असतं. पण तिला तर हसू येत होतं, आणि डोळेही भरून येत होते. तिने वेग कमी केला. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला, तिने त्याला हाताने पुढे जा म्हणून सांगितलं.

"तू त्या दिवशी वरून हाक मारलीस ना," हाल्वर म्हणाला. तो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता. "तेव्हा मला 'ये' म्हणायचं होतं. तुला येता येणार नाही, माहीत होतं. तरी म्हणायचं होतं. मी घाबरलो होतो गं."

"मीही," आर्डिस म्हणाली.

उजव्या हाताला तळ्याकडे जाणारा रस्ता आला आणि मागे गेला.

"आपलं वळण गेलं," हाल्वर म्हणाला.

"जाऊ दे," आर्डिस म्हणाली. "आणखी काय काय दुखतं, ते सांग."